चोक आवळला की छर्र्यांचा वेग वाढतो का?

पंचगंगाकाठ (प्रश्न):
कोल्हापुरात नेमबाजी म्हटले की तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे ही नावे पुढे येतात, म्हणजेच रायफल आणि पिस्तूल. छर्र्याच्या बंदुकीविषयी विचारावे असे माणूस जवळपास सापडत नाही, म्हणून येथे विचारतो. आजोबांची बारा बोअरची दुनळी आता रीतसर माझ्या परवान्यावर आली असून मी ट्रॅप, म्हणजे हवेत उडवलेल्या थाळ्या छर्र्यांनी फोडण्याची नेमबाजी, शिकू लागलो आहे. तिची उजवी नळी मोकळी आहे, तर डावी फुल चोकची, म्हणजे तोंडाशी सर्वांत जास्त आवळलेली. उसाला पाणी पाजताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, त्याचप्रमाणे डाव्या नळीतून छर्रे जास्त वेगाने सुटतात, असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे का, आणि फैलाव नेमका किती कमी होतो?

दुनळीप्रेमी:
पाइपची उपमा पटकन पटते, पण ती येथे लागू पडत नाही. पाइपात मागून पाण्याचा दाब सतत येत राहतो. बंदुकीत मात्र छर्रे नळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत दारू जळून गेलेली असते, वायूचा दाब बराच उतरलेला असतो आणि वेग जवळजवळ पूर्ण मिळालेला असतो. बारा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो व फुल चोक तो शेवटच्या काही सेंटिमीटरांत साधारण १ मिलिमीटरने कमी करतो. ताशी नव्हे, सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने जाणारे छर्रे तेवढे अंतर एक सहस्रांश सेकंदाच्या जेमतेम आठव्या भागात ओलांडतात. चोकमुळे होणारा फरक सेकंदाला थोड्याच फुटांचा असतो आणि एकाच खोक्यातील दोन काडतुसांत त्याहून जास्त तफावत आढळते.

कागदावरचा हिशेब:
वरील उत्तराशी सहमत आहे. चोकचे खरे काम छर्र्यांचा थवा किती लवकर विखुरतो हे ठरवणे. रूढ मोजमाप असे की, ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६.५ मीटरवर, ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती टक्के छर्रे पडतात ते कागदावर झाडून पाहायचे. फुल चोकला ७०, त्याहून कमी आवळलेल्या मॉडिफाइडला ६०, आणखी कमी आवळलेल्या इम्प्रूव्हड सिलिंडरला ५० आणि अगदी मोकळ्या नळीला ४० टक्के अपेक्षित असतात. हे आकडे जुन्या काडतुसांच्या काळातले आहेत. आता छर्रे प्लॅस्टिकच्या पेल्यात बसवलेले असल्यामुळे नळीच्या भिंतीवर घासून चेपत नाहीत, आणि त्याच चोकमधून थवा अधिक घट्ट जातो. चेपलेला छर्रा हवेत भरकटतो आणि लवकर मंदावतो. अर्थात वाटोळा छर्रासुद्धा ४० यार्डांपर्यंत सुरुवातीचा निम्म्याच्या आसपास वेग गमावतो, मग चोक कोणताही असो. कागद फक्त रुंदी दाखवतो हेही ध्यानात ठेवावे, कारण थवा पुढून मागेही लांबलेला असतो.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. जुन्या दुनळीचे चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, ६५ मिलिमीटरचे असू शकते, त्यात ७० मिलिमीटरचे काडतूस घालू नये. परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून आधी मापे घ्यावीत. पोलादी छर्रे तर त्या फुल चोकमधून मुळीच झाडू नयेत.

पंचगंगाकाठ:
मापे घेतली, चेंबर ७० मिलिमीटरचेच निघाले. त्यानंतर रेंजवर परवानगी घेऊन ४० यार्डांवर कागद लावले. काडतूस २४ ग्रॅमचे, छर्रा २.४ मिलिमीटरचा, म्हणजे आत सुमारे ३०० छर्रे. डाव्या नळीचे २११ वर्तुळात मिळाले, उजवीचे १४९. उजवीच्या कागदावर ११० मिलिमीटरची थाळी अलगद निसटून जाईल अशा दोन मोकळ्या जागा दिसल्या, आणि माझ्या चुकलेल्या थाळ्यांचा दोष मी इतके दिवस वेगाला देत होतो. आता थाळी जवळ असताना पहिला बार उजव्या नळीचा, आणि ती दूर गेल्यावर दुसरा डावीचा, असा क्रम ठेवला आहे.