झाड तोडण्याची परवानगी आणि हरकत: गोव्यातील अनुभव

गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायदा १९८४ चा आहे. झाड स्वतःच्या भाटातले, म्हणजे बागायतीतले, असले तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीविना ते तोडता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. अर्ज केल्यावर किंवा हरकत घेतल्यावर पुढे काय घडते, हे मात्र फारसे कोणी लिहून ठेवत नाही. ज्यांनी या कायद्याचा आधार घेतला किंवा ज्यांना त्याचा जाच झाला, त्या सर्वांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सासष्टी, निवृत्त शिक्षिका
आमच्या कुंपणालगतचा जुना आंबा शेजाऱ्यांना नको होता. त्यांनी वन खात्याकडे न जाता झाड घरावर पडेल, असे कारण देऊन उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, कारण जिवाला किंवा मालमत्तेला धोका असलेल्या झाडांसाठी कायद्यात ती वेगळी वाट आहे. धोका खरा असेल तेव्हा ती वाट हवीच. पण घराचा विस्तार करायचा असला की निरोगी झाडही एकाएकी धोकादायक ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. जागेची पाहणी झाली त्या दिवशी आम्ही हजर राहिलो, खोड पोखरलेले नाही हे दाखवले आणि छपरावर आलेल्या फांद्या आमच्या खर्चाने छाटून देण्याची लेखी तयारी दर्शवली. ती तयारी पंचनाम्यात नोंदवली गेली, म्हणूनच आदेश फांद्यांपुरता राहिला आणि आंबा वाचला.

बार्देश, बागायतदार
माडाचे प्रकरण विसरू नये. माडाला फांद्या नसतात, शास्त्राप्रमाणे तो ताडाच्या कुळातला, असा युक्तिवाद करून २०१६ मधील दुरुस्तीने त्याला या कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आले होते. त्या काळात किनाऱ्याजवळच्या एका भाटात माड पाडले जात असताना आम्ही विचारणा केली, तेव्हा परवानगीची गरजच नाही, असे उत्तर मिळाले आणि ते कायद्याने बरोबरही होते. माडाला राज्यवृक्षाचा मान आणि संरक्षण देण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला. पाडलेल्या माडांना त्याचा काय उपयोग, हे वेगळे सांगायला नको.

फोंडा
घराच्या बांधकामासाठी एक फणस तोडण्याची रीतसर परवानगी मी घेतली. बदली झाडे लावण्याची अट आणि त्यासाठीची अनामत रक्कम यांत काही गैर वाटले नाही. लावलेली रोपे जगली की नाही, हे पाहायला मात्र आजवर कोणी आले नाही.

सत्तरी
आमच्याकडे खरा प्रश्न एकेका झाडाचा नसून खासगी वनाचा आहे. पंचाहत्तर टक्के वनवृक्ष, किमान पाच हेक्टर क्षेत्र आणि ०.४ इतकी छत्र-घनता (झाडांच्या पानोऱ्याने जमीन झाकली जाण्याचे प्रमाण) या निकषांत जमीन बसली, तर सनद, म्हणजे जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी, मिळणे जवळजवळ अशक्य होते. म्हणूनच आधी झुडपे, मग लहान झाडे अशी सफाई करत घनता खाली आणली जाते, आणि पाहणी होते तेव्हा त्या जागी निकषात बसेल असे वन उरलेलेच नसते. आमच्या वाड्यावर काहींनी दर पावसाळ्यानंतर टेकडीची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवायला सुरुवात केली असून पुढच्या हरकतीला आम्ही ती जोडणार आहोत.