चर्चा: मॅकचा बॅकअप विंडोजवर उतरवला की फायली 'करप्ट'. दोष एक्सफॅटचा (मॅक आणि विंडोज दोन्ही वाचतात त्या डिस्क-फॉर्मॅटचा) की आपला?

खिळेजुळारी
थेट मत मांडतो: दोन वेगळ्या ओएसमध्ये फिरणारा बॅकअप सुट्या फायलींचा असूच नये, टार करून (सगळ्या फायली एका फाइलीत बांधून) एकच गठ्ठा ठेवावा. दादर-गिरगावच्या डीटीपीवाल्यांकडे हे सर्रास चालतं. मॅकवरून एक्सफॅट डिस्कवर फोल्डर ओढायचे, नव्या विंडोज मशीनवर उतरवायचे आणि मग 'निम्म्या फायली उघडत नाहीत' म्हणून बोंब मारायची. एक्सफॅटला जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) नाही. कॉपीची पट्टी भरली तरी शेवटचा डेटा कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) राहिलेला असू शकतो. इजेक्ट न करता केबल उपटली की फाइल दिसते, पण आतला डेटा अर्धवट. परवानग्या (फाइल कोण वाचू-लिहू शकतो) आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) तर एक्सफॅटवर टिकतच नाहीत. टारमध्ये सगळं शाबूत राहतं आणि विंडोज १० मध्ये २०१८ पासून टार आधीच बसवलेलं आहे.

लॅमिंग्टनरोडी
सगळं खापर एक्सफॅटवर फोडू नका, मालक. 'निम्म्या फायली' म्हटलं की आधी त्यांची नावं बघायची. टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होत असतील, आकार बहुधा ४ केबी, तर त्या मॅकच्या मेटाडेटाच्या (फाइलविषयीच्या माहितीच्या) जोडफायली आहेत. विंडोजवर त्या उघडणारच नाहीत. खरी फाइल शेजारीच पडलेली असते. आणि तुमचं टार? मॅकचं टार याच जोडफायली गठ्ठ्यात घालतं! टाळायच्या असतील तर आधी 'कॉपीफाइल_डिसेबल' हा व्हेरिएबल (सेटिंग) १ करावा लागतो.

दुसरं, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर. नव्या मशीनवर फाँट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाइल ठणठणीत असते, फाँट टाका. हे दोन प्रकार बाजूला काढल्याशिवाय 'करप्ट' हा शब्द उच्चारू नये.

शीवचा_रूट
तिसरा प्रकार राहिला, आणि मराठी नावांत तो हमखास चावतो. 'नोकऱ्या', 'बऱ्याच' यातला ऱ युनिकोडमध्ये (अक्षरांना कोड देणाऱ्या पद्धतीत) एका कोडाने लिहिता येतो किंवा र अधिक नुक्ता (खालचं टिंब) असा दोन कोडांनी. जुन्या मॅकची एचएफएस प्लस फाइलसिस्टीम नाव साठवताना तो फोडून दोन करते. एनटीएफएस (विंडोजची) आणि ईएक्सटी४ (लिनक्सची) आले तसे बाइट ठेवतात. म्हणजे पडद्यावर नाव तेच, पण लेआउटमधली चित्राची लिंक तुटते, सिंक करताना एकाच नावाच्या दोन फायली उभ्या राहतात. लिनक्सवर कॉन्व्हएमव्ही (फाइल-नावांचे कोड बदलणारं साधन) चालवून एनएफसीत (जोडलेल्या, एका कोडाच्या रूपात) आणा. 'नोटेस्ट' दिल्याशिवाय ते फक्त रंगीत तालीम करतं, ती आधी बघूनच घ्या.

आणखी एक: ईएक्सटी४वर नावाची मर्यादा २५५ अक्षरं नव्हे, २५५ बाइट. देवनागरीचा एकेक कोड ३ बाइट खातो, मात्रा आणि हलन्त धरून. ८५ कोड झाले की खेळ संपला. 'अंतिम_सुधारित_मालकांनी_पाहिलेली' छाप नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी. एनटीएफएसवर मात्र तेच नाव बिनबोभाट चालतं.

खिळेजुळारी
नावाचे घोळ मान्य. पण डेटा खरंच सडला आहे का, हे सुट्या फायलींत कळणार कसं?

लॅमिंग्टनरोडी
ते टारमध्येही कळत नाही. टारचा चेकसम (बिघाड ओळखायचा तपास-आकडा) फक्त हेडरचा (फाइलच्या नाव-माहितीच्या भागाचा) असतो, फाइलच्या डेटाचा नाही. जीझिपचा (गठ्ठा दाबून लहान करणाऱ्या साधनाचा) सीआरसी, म्हणजे डेटाचा तपास-आकडा, आहे, पण जीझिप केलेल्या गठ्ठ्यात मधे एक बाइट बिघडला की साधारणपणे पुढचं सगळं जातं. सुट्या फायलींत एकच फाइल जाते. कॅलेंडरची २०० डिझाइनं एका गठ्ठ्यात बांधून ही जोखीम कोण घेणार?

उपाय म्हणजे बॅकअपच्या वेळीच शा-२५६ची (प्रत्येक फाइलच्या ओळख-ठशाची) यादी करून सोबत ठेवणं. मॅकवर शासम, विंडोजवर सर्टयुटिल, लिनक्सवर शा२५६सम. विंडोजच्या जुन्या पॉवरशेल ५.१ मधून यादी 'मोठा' चिन्हाने (>) फाइलीत वळवू नका. ती यूटीएफ-१६ मध्ये (वेगळ्या अक्षर-कोडांत) जाते आणि लिनक्सला एकही ओळ वाचता येत नाही. मग चांगल्या फायलीही नापास.

शीवचा_रूट
यादी नसेल आणि मूळ मशीनही गेलं असेल तर फाइलच्या प्रकारानुसार तपासा. डॉकएक्स आणि झिपला सेव्हनझिपची टेस्ट, पीडीएफला क्यूपीडीएफचं चेक, व्हिडिओला एफएफएमपेग शून्य आउटपुटवर चालवून फक्त एरर वाचायचे. आणि हात जोडून विनंती, एकमेव प्रतीवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) दुरुस्ती चालवू नका. ते फाइलसिस्टीम सरळ करतं, तुमच्या फायलींची जबाबदारी घेत नाही. तुकडे 'फाउंड' फोल्डरात जमा होतात आणि नावं जातात. आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून प्रत काढणाऱ्या साधनाने) डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, मग प्रयोग इमेजच्या प्रतीवर.

खिळेजुळारी
तरी मी टारवर ठाम आहे, फक्त जीझिपशिवाय. जेपेग आधीच दाबलेले असतात, पुन्हा दाबून मिळत काही नाही. साध्या टारमध्ये एक बाइट बिघडला तर बहुधा एकच फाइल बिघडते. वर १० टक्के पार२ दुरुस्ती-डेटा ठेवला की ती एकही परत मिळते. तुमची यादी फाइल बिघडल्याचं फक्त सांगते.

लॅमिंग्टनरोडी
पार२ सुट्या फायलींवरही चालतं, त्याला टार कशाला? आणि दुकानातल्या पोराला रात्री ८ला एकच फाइल हवी असते, तेव्हा तो ३०० जीबीचा गठ्ठा सोडवत बसणार का? नव्या पेनड्राइव्हवर बॅकअप घेण्याआधी लिनक्सवर एफ३ किंवा विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू (दोन्ही खोटी क्षमता पकडणारी साधनं) पूर्ण क्षमतेला चालवा. २५६ जीबीचं लेबल आणि आत ३२ जीबी असा माल असेल तर टार काय आणि सुट्या फायली काय, ३२ जीबीनंतरचं काहीच हाती लागत नाही.