वजीर जास्त असूनही डाव बरोबरीत? स्टेलमेट कसा टाळायचा?

जुळे_सोलापूरची_आई:
नमस्कार. मुलगा चौथीत आहे, बुद्धिबळाचं भारी वेड. रविवारी इथल्याच एका शालेय स्पर्धेत शेवटच्या फेरीत त्याच्याकडे राजा आणि वजीर, समोर नुसता काळा राजा. काळा राजा एच८ वर, कोपऱ्यात. आमचा वजीर ई७ वर, राजा लांब सी३ वर. ह्यानं वजीर एफ७ वर नेला आणि पंचांनी डाव बरोबरीत दिला. सात रस्ता येईपर्यंत रिक्षात रडत होता. मला मोहरी कशी चालतात तेवढंच कळतं. राजाला हलायला जागाच उरली नाही, तर तो हरला असंच मलाही वाटतं. मग अर्धा गुण त्याला का? आणि घरी काय करून घेऊ?

तिरका_उंट:
पंच बरोबर आहेत ताई. शह नसताना चाल संपली की स्टेलमेट. सोपा उपाय सांगू का? प्याद्याचा वजीर करायचाच नाही, हत्ती करायचा. दोन हत्तींनी एकेक ओळ बंद करत गेलं की मात.

पार्क_चौकातला_मास्तर:
ताई, संध्याकाळी मी पोरांना शिकवतो आणि ह्याच जागी रडलेली बरीच लेकरं पाहिलीत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नियम. मात व्हायला दोन गोष्टी एकदम लागतात: राजाला शह असला पाहिजे आणि सुटकेची एकही चाल नसली पाहिजे. तुमच्या मुलानं दुसरी गोष्ट केली, पहिली राहिली. वजीर एफ७ वर आला की जी८, जी७, एच७ तिन्ही घरं त्याच्या माऱ्यात, पण एच८ वर शह नाही. राजाला शहात जाता येत नाही आणि बुद्धिबळात आपली पाळी सोडूनही देता येत नाही. तिथे डाव त्याच क्षणी संपतो, दोघांना अर्धा-अर्धा.

आता त्याला हे नक्की सांगा: ई७ वरचा वजीर उत्तम जागी होता! सातवी ओळ पूर्ण बंद, एफ८ पण माऱ्यात. काळ्या राजाला एच८ आणि जी८, एवढीच दोन घरं. वजिराला आता हातच लावायचा नाही. आपला राजा चालवायचा: डी४, ई५, एफ५, जी६. तोवर काळा जी८-एच८ करत बसणार, त्याला नेहमी एक चाल शिल्लक. पाचव्या चालीला वजीर एच७ वर, मात. आज रात्री पट मांडा आणि हेच करून घ्या, मग बाकीच्या तीन कोपऱ्यांत.

लक्षात ठेवायची जागा एकच. कोपऱ्यातल्या राजापासून घोड्याच्या उडीवर वजीर ठेवायचा नाही. एच८ साठी ती घरं एफ७ आणि जी६. गंमत अशी की राजाला कडेला ढकलत नेताना हेच घोड्याच्या उडीचं अंतर फार उपयोगी पडतं, म्हणून पोरं सवयीनं कोपऱ्यातही तेच करतात.

आणि जिंकत असताना प्रत्येक चालीआधी एकच प्रश्न: ‘मी हे खेळल्यावर समोरचा काय खेळेल?’ घरी समोरच्या राजावर बोट ठेवून त्याची घरं मोजू द्या. स्पर्धेत मात्र डोळ्यांनीच, कारण समोरच्याच्या मोहऱ्याला हात लागला आणि ते मारता येत असेल तर मारावंच लागतं. समोरच्याचं एखादं प्यादं चालत असेल तर स्टेलमेट होतच नाही. ते वजीर व्हायच्या बेतात नसेल तर राहू द्या की! आमची पोरं आधी सगळा पट साफ करतात, मग राजाच्या मागे लागतात. तिथेच घात होतो.

तिरका_उंट, तुमचं मला अर्धंच पटतं. वजिराची मात आलीच पाहिजे, नाहीतर पोरगं जन्मभर वजिराला घाबरेल. पण हत्तीच हवा अशी जागा खरंच असते. पांढरा राजा एफ६, प्यादं एफ७, काळा राजा एच७. एफ८ वर वजीर केला की स्टेलमेट. हत्ती केला की काळ्याला एच६ ही एकच चाल, आणि पुढच्या चालीला हत्ती एच८, मात. ही जागा मुलाला उत्तर न सांगता मांडून द्या.

होटगी_रोडवरून:
मी कॉलेजच्या संघात खेळतो. हरत असताना हेच शस्त्र आपलं, हेही त्याला शिकवा. १९६३-६४ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत लॅरी एव्हान्सनं रेशेव्हस्कीविरुद्ध आधी वजीर देऊन टाकला, मग हत्तीनं शहावर शह. हत्ती मारला की स्टेलमेट, नाही मारला की शह थांबत नाहीत. हरलेला डाव बरोबरीत सुटला. आणि १९७८ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कोर्चनॉय-कार्पोव्ह पाचवा डाव १२४ व्या चालीला स्टेलमेटनंच संपला होता.

जुळे_सोलापूरची_आई:
सर, मनापासून आभार. चारही कोपऱ्यांत मात जमली. हत्तीवालं कोडंही त्यानं स्वतःच सोडवलं. आता एकच अडलंय. राजा आणि एक प्यादं असताना काळा राजा ई८, आमचं प्यादं ई७, राजा ई६, आणि पाळी काळ्याची. पुन्हा तेच झालं.

पार्क_चौकातला_मास्तर:
हो, तो स्टेलमेटच. डी८, एफ८ प्याद्याच्या माऱ्यात, डी७, एफ७ राजाच्या, आणि ई७ ला राजाचा जोर. इथे प्यादं घाईनं पुढे गेलं. आधी राजा पुढे काढायचा, प्यादं त्याच्या मागून. राजा ई६ वर आणि प्यादं ई५ वर असेल, काळा राजा ई८ वर, तर पाळी कुणाचीही असो, डाव जिंकलेला आहे. दोन्ही बाजूंनी खेळून बघायला सांगा, एकदा पांढऱ्याची पाळी, एकदा काळ्याची. फक्त ए आणि एच ह्या कडेच्या प्याद्यांना हे लागू नाही, तिथे काळा राजा कोपऱ्यात पोचला की बरोबरी.