शंभराच्या नोटेला जास्तीचा कागद, दुसरीवर दोन वेगळे नंबर. किंमत किती धरावी?

कापूसवाला वणी
राम राम मंडळी. कापसाच्या चुकाऱ्यात शंभराच्या कोऱ्या गड्ड्या भेटल्या. माय मोजत होती तं एक नोट बोटाले अडकली. खालच्या कोपऱ्यात घडी पडलेली, ती उलगडली का तिकोनी कागद कानासारखा बाहेर येते. त्याच गड्डीत एका नोटेवर वरचा नंबर शेवटी ४१७ अन् खालचा ४१८ आहे. तिसरीवर आकडे लहानापासून मोठे होत गेले. चौथीच्या नंबरात चांदणी आहे. गावातला एक जण म्हणते तीन लाख कुठंच गेले नाही. फोनवर एक गिऱ्हाईकही भेटला, फक्त १,५०० रुपये नोंदणीचे आधी टाका म्हणते. हरभऱ्याच्या फवारणीचं औषध आणाचं आहे, म्हणून घाई आहे.

मारेगावकर
७८६ आहे का भाऊ कोणत्या नंबरात? असन तं सांग.

जुना रोखपाल, हिंगणघाट
मारेगावकर, ७८६ सारख्या शुभ मानलेल्या नंबराच्या नोटा जमवायचा छंद वेगळा; त्यात छपाईची चूक नसते.

वणीवाले भाऊ, पहिले त्या फोनवाल्याले ब्लॉक करा. विकत घेणारा पैसे देते, मागत नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढलं होतं, की आमच्या नावावर जुन्या नोटा-नाण्यांसाठी शुल्क, कमिशन, कर मागणारे लोक फसवे आहेत.

तिसरी अन् चौथी नोट औषधाले खर्च करा. आकडे चढत्या आकाराचे छापणं २०१५ पासून मुद्दाम सुरू झालं. चांदणीही चूक नाही. छापखान्यात खराब निघालेल्या नोटेच्या जागी गड्डीत जी दुसरी नोट घालतात, तिच्यावर ती असते, २००६ पासून. जमवणारे आहेत, पण चालू शंभराच्या चांदणीवर कोणी शेत विकत नाही.

आता कानवाली. कागद कापायच्या आधी ताव दुमडला का तो कोपरा पात्यातून सुटते. उलगडून कानावर काय आहे ते पाहा. तावाचा कोरा काठ किंवा शेजारच्या नोटेची छपाई सलग पुढं गेलेली दिसली तं मामला खरा. जोड दिसला, गोंदाची चकाकी दिसली, नाही तं कागदाचा पोत बदलला, तं कोणीतरी घरी बसून चिकटवला. भिंगानं पाहा, उन्हात धरून पाहा.

दोन नंबरांची नोट जास्त कामाची वाटते, पण लबाडीही तिथंच जास्त. ३ चा ८ करणारे बहाद्दर पुष्कळ पाहिले; ७ चा ८ करणं तेवढं सोपं नाही, ही तुमच्या बाजूची गोष्ट. नंबर अतिनील दिव्याखाली चमकतात, सोनाराकडं किंवा बँकेत तो दिवा असते. खोडलेल्या आकड्याची चमक बाकीच्यांशी जुळत नाही. अन् मुख्य म्हणजे गड्डीतली पुढची-मागची नोट शोधा. नंबर टाकणाऱ्या यंत्राचं एक चाक पुढं सरकलं तं तोच फरक पुढच्या नोटांवरही चालत जाते. पुढचीवर ४१८ अन् ४१९ निघाला तं मले शंका राहणार नाही.

इस्त्री करू नका, टेप लावू नका, कानाची घडी पुन्हा पुन्हा उघडू नका.

कापूसवाला वणी
कानावर जांभळ्या रंगाची बारीक पट्टी आहे काका, बाजूच्या नोटेचीच वाटते. जोड काही दिसत नाही. पण भाव?

जुना रोखपाल, हिंगणघाट
मंग कान खरा वाटते. लाखाचा विषय सोडा. जाहिरातीत मागितलेली किंमत अन् लिलावात खरंच मिटलेली किंमत यात जमीन-अस्मानाचा फरक असते. फक्त मिटलेल्या किमती पाहा, त्याही याच शंभराच्या. चूक जेवढी दुरून दिसते तेवढा भाव. जानेवारी २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या श्योपूरकडं शेतकऱ्याइले गांधीजींच्या चित्राशिवायच्या २,००० च्या नोटा भेटल्या होत्या, बँकेनं त्या परत घेतल्या. तशी चूक लहान पोरगंही ओळखते. तुमचा कान दिसते, पण लहान आहे. माझ्या अंदाजानं हजारातली गोष्ट, अन् तेही घेणारा भेटला तं. शाई थोडी फाकलेली, छपाई कोरभर सरकलेली असल्या नोटांवर तं कोणी चहाही पाजत नाही.

मारेगावकर
म्हणजे बँकेत दिली तं शंभरच?

जुना रोखपाल, हिंगणघाट
हो, शंभरच. म्हणून घाई नको.

कापूसवाला वणी
गड्डी पाहिली. मागची ४१६ दोन्हीकडं बरोबर आहे. पुढच्या नोटा नाहीत, त्या मायनं सकाळीच कृषी केंद्रात देल्या. तो गल्ला संध्याकाळी बँकेत भरते.

जुना रोखपाल, हिंगणघाट
मंग निघा आताच. दुसऱ्या शंभरच्या नोटा देऊन बदलून घ्या, अन् काऊन पाहिजे ते त्याले सांगू नका.