मॉरिआर्टीची 'बाजू' कशाला ऐकायची?

अडगळीतला_होम्स

परवा इथे निळावंती यांनी 'होम्स पुरे, आता मॉरिआर्टी वाचा' असा धागा काढला होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सार: होम्सकथा लिहिणाऱ्या डॉयलने होम्सचा कट्टर शत्रू प्रोफेसर मॉरिआर्टी याच्यावर अन्याय केला, त्याला स्वतःची बाजू मांडू दिली नाही, ते काम आता नव्या लेखकांनी केलंय आणि ही पुस्तकं वाचल्यावर मूळ कथा बालवाङ्मय वाटतात. तिथेच प्रतिसाद लिहायला बसलो, पण तो इतका वाढला की वेगळा धागा काढावा लागला. (बायकोला वाटतंय मी लाइट बिल भरतोय.)

बाजू कसली, अहो? डिसेंबर १८९३ च्या स्ट्रँड मासिकात 'द फायनल प्रॉब्लेम' आली. डॉयलला होम्सचा कंटाळा आला होता, त्याला संपवायचा होता, आणि त्याला एखाद्या भुरट्याच्या हातून मारणं बरं दिसलं नसतं. म्हणून तोलामोलाचा माणूस आणला. आता मला सांगा, त्या कथेत तो दिसतो कितीसा? व्हिक्टोरिया स्टेशनवर गाडी सुटते तेव्हा गर्दी रेटत, हात हलवत येणारा एक उंच माणूस, एवढाच वॉटसनला दिसतो. नंतर रायखेनबाख धबधब्याच्या पायवाटेवर हिरवळीपुढून झपझप जाणारी काळी आकृती. संपलं. बाकी सगळा मॉरिआर्टी होम्सच्या तोंडचा. खोल डोळे, पुढे आलेला चेहरा, सापासारखी सतत डावीउजवीकडे हलणारी मान. आणि बेकर स्ट्रीटला येऊन खिशातली वही काढून तो वाचतो काय, तर ४ जानेवारीला आडवा आलास, २३ ला त्रास दिलास. वाण्याने उधारी वाचावी तसा!

मला होम्स भालबा केळकरांच्या मराठीतून भेटला. ही कथा मात्र अकरावीत इंग्रजीतून वाचली, अर्धी डिक्शनरीच्या आधाराने. त्या रात्री गॅलरीतले कपडे काढायला गेलो नाही. सकाळी पावसात भिजलेले सापडले आणि आईची बोलणी खाल्ली. भीती होती ती न दिसलेल्या माणसाची. आता तुमचे नवे लेखक त्याला दिव्याखाली आणून बसवतात, त्याचं बालपण सांगतात, त्याचा नाश्ता सांगतात. दिवा लागला की कोपऱ्यातलं भूत म्हणजे खुंटीवरचा कोट निघतो.

निळावंती

पहिली गोष्ट, 'बालवाङ्मय' हा शब्द माझा नाही. मी 'बाळबोध' म्हटलं होतं. निदान शिव्या तरी माझ्याच द्या.

दुसरी, तुम्ही स्वतःच लिहिलंत की सगळं होम्सच्या तोंडचं आहे. मग? एका माणसाच्या सांगण्यावरून दुसरा गुन्हेगारांचा नेपोलियन ठरतो, त्याला कधी काही विचारलं जात नाही, आणि शेवटी तो धबधब्यात. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा पार्किंगच्या भांडणात दोघांचं ऐकतात हो.

आणि डॉयलला तरी त्या पात्राची कितीशी पडली होती? 'फायनल प्रॉब्लेम'मध्ये वॉटसन म्हणतो, मॉरिआर्टीचं नाव कधी ऐकलं नाही. १९१४-१५ मध्ये आलेल्या 'व्हॅली ऑफ फिअर'मधल्या घटना त्याच्या आधीच्या, पण तिथे याच वॉटसनला मॉरिआर्टी व्यवस्थित माहीत. एका कथेत कर्नल भावाचं नाव जेम्स, पुढे 'एम्प्टी हाउस'मध्ये प्रोफेसरही जेम्स. तिसरा भाऊ स्टेशनमास्तर, त्याला नावच नाही. एका घरात दोन जेम्स! ज्या लेखकाला पात्राचं बारसं नीट करता आलं नाही, त्याच्या वतीने तुम्ही का भांडताय?

मायकेल कर्लंडचं 'द इन्फर्नल डिव्हाइस' (१९७८) वाचलंय का? त्यातला होम्स लंडनमध्ये कुठेही काहीही घडलं की प्रोफेसरवर संशय घेतो. मला तो मॉरिआर्टी फार जवळचा वाटला. आमच्या वाड्यात काच फुटली, कैऱ्या गेल्या, कुणाच्या सायकलची हवा गेली, की पहिली हाक मला. दहापैकी सात वेळा मी घरात अभ्यास करत असायचे. (उरलेल्या तीनबद्दल बोलणार नाही.)

गणितमास्तर

होम्सचं तुम्ही पाहून घ्या. माझा प्रश्न वेगळा. दुष्ट माणूस गणिताचाच प्रोफेसर का? भूगोलाचा का नाही? एकविसाव्या वर्षी द्विपद प्रमेयावर प्रबंध लिहिला आणि युरोपभर नाव झालं म्हणे. अहो, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात द्विपद प्रमेयात नाव होण्याजोगं शिल्लक काय होतं? न्यूटनला जाऊन दीडशे वर्षं होत आली होती. डॉयल डॉक्टर माणूस, कानावर पडलेला एक भारदस्त शब्द टाकला झालं. 'डायनॅमिक्स ऑफ अ‍ॅन अ‍ॅस्टरॉइड' हे त्याचं लघुग्रहाच्या गतीवरचं पुस्तक मात्र ठीक, तिथे वाव आहे.

३१ वर्षं शिकवलं. माझ्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'गणित शिकवतात म्हणजे तापट असतील?' हा समज असल्याच गोष्टींमुळे.

सोलापुरी_चादर

मास्तर, तापट आहात का पण?

बाकी मला तरी हा सगळा फुकटातल्या मालाचा धंदा वाटतो. डॉयल गेला १९३०ला, ब्रिटनमधला कॉपीराइट २०००च्या अखेरीस संपला, अमेरिकेतल्या शेवटच्या कथा १ जानेवारी २०२३ला मोकळ्या झाल्या. मालक नसलेल्या चिंचेवर कुणीही दगड मारणार. जॉन गार्डनरने १९७४ सालीच सुरुवात केली. त्याच्याकडे धाकटा भाऊ थोरल्या प्रोफेसरला संपवून त्याचं सोंग घेतो, आणि रायखेनबाखला होम्सशी चक्क समझोता करून परत येतो. म्हणजे दोन जेम्सचा घोळ त्याने कामाला लावला, एवढं मान्य करावं लागेल.

अपवाद हॉरोविट्झ. त्याला डॉयलच्या वारसांची परवानगी होती आणि डोकंही आहे. 'मॉरिआर्टी' (२०१४) मध्ये होम्स जवळजवळ नाहीच. न्यूयॉर्कहून आलेला, पिंकर्टन या अमेरिकन गुप्तहेर संस्थेचा माणूस फ्रेडरिक चेस गोष्ट सांगतो, सोबत 'साइन ऑफ फोर'मधला तो ढ इन्स्पेक्टर अ‍ॅथेल्नी जोन्स, आता होम्ससारखं व्हायला धडपडणारा. आणि तो चेसच मॉरिआर्टी निघतो तेव्हा पुस्तक हातातून पडतं.

रांगेतला_तिसरा

अरे!!!

पुस्तक परवा घरी आलंय. १४० व्या पानावर आहे मी. वर 'रहस्यभेद' लिहायला काय बोटं झडत होती?

सोलापुरी_चादर

दहा वर्षं झाली पुस्तकाला, दादा. रावण मेला हेही झाकून सांगायचं का?

रांगेतला_तिसरा

दहा वर्षांत मी ईएमआय फेडत होतो. आणि हे माझ्याच नशिबी का येतं? आमच्या गावच्या वाचनालयात एक महाभाग होता. रहस्यकथा वाचून झाली की पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहायचा: 'खुनी: माळी'. बाबूराव अर्नाळकरांची सगळी चळत मी अशीच वाचली, पहिलं पान डोळे मिटून उलटत. एकदा त्याने मुद्दाम चुकीचं नाव लिहिलं होतं. संपूर्ण पुस्तक मी निरपराध डॉक्टरवर डोळा ठेवून वाचलं. तो सापडला नाही कधी. चादर, तुमचं गाव कुठलं?

अडगळीतला_होम्स

विषयावर येऊ या. निळावंती, तुमचा वाड्याचा किस्सा छान, पण तुम्ही कैऱ्या चोरल्यात आणि मॉरिआर्टीने माणसं मारवली. 'व्हॅली ऑफ फिअर'मध्ये हिशोबच दिलाय. प्रोफेसरकीचा पगार वर्षाला ७०० पौंड, भिंतीवर ग्रझ या फ्रेंच चित्रकाराचं अस्सल चित्र, आणि हाताखालच्या मोरानला वर्षाला ६,००० पौंड. ही काय ट्यूशनची कमाई? पुढे त्या जपानी मांगात (म्हणजे चित्रकथेत, २०१६ पासूनच्या) तर तो उमरावांच्या जुलमाविरुद्ध लढणारा देखणा तरुण झालाय. गुन्हेगाराला गरिबांचा कळवळा चिकटवला की झाला नायक.

निळावंती

बोलताय असे जणू तुमच्या कपाटात 'मृत्युंजय' नाही. खरं सांगा. कितीदा वाचलंय?

अडगळीतला_होम्स

चार. कर्णाचा इथे काय संबंध?

मृण्मयी_डोंबिवली

संबंध कसा नाही! मराठी वाचकाला ही सवय कुणी लावली? भर सभेत द्रौपदीला बंधकी, म्हणजे वेश्या, कोण म्हणालं, तिची वस्त्रं काढा कुणी सांगितलं? कर्णाने. घोषयात्रेत गंधर्वांपुढून दुर्योधनाला टाकून कोण पळालं? कर्ण. आणि आपल्याकडे दहावीच्या सुट्टीत उशीत तोंड खुपसून रडायचं कुणासाठी? त्याच्यासाठीच.

राधेयभक्त

झालं सुरू. ताई, भर स्वयंवरात 'मी सूतपुत्राला वरणार नाही' असा अपमान झाल्यावर माणूस काय पेढे वाटेल?

मृण्मयी_डोंबिवली

तो प्रसंग भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या मूळ संहितेत नाही. १९१९ ते १९६६ माणसं पोथ्या ताडत बसली ती कुणासाठी? तुम्ही अजून टीव्हीवरच्या मालिकेतच.

राधेयभक्त

संहितेत नाही म्हणून लोकांच्या मनातून जात नाही. माझे वडील गिरणीत होते. संप लांबला तेव्हा घरात विकायजोगी होती नव्हती ती भांडी गेली, रद्दी गेली. 'मृत्युंजय' त्यांनी ठेवलं. पुठ्ठा सुटला होता, खाकी कागदाचं कव्हर घालून सुतळीने बांधलं होतं. त्यांना चिकित्सक आवृत्ती सांगायला तुम्ही आला असतात का?

मृण्मयी_डोंबिवली

नसते आले. पण एवढं बघा, १९६७ या एकाच वर्षी 'मृत्युंजय' आलं आणि इरावतीबाईंचं 'युगान्त'ही. एकाने कर्णाला डोक्यावर घेतलं, दुसऱ्याने त्याला माणूस म्हणून तपासलं. सुतळीने बांधून कुठलं ठेवलं गेलं? माझी तक्रार तुमच्या वडिलांबद्दल नाही हो.

राधेयभक्त

'युगान्त'ही होतं घरात. ते विकलं.

संपादक

कर्णाचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवावेत का? आत्तापर्यंत मॉरिआर्टीपेक्षा जास्त झाले आहेत.

गणितमास्तर

नको. कर्णाला गणित येत नव्हतं, त्यामुळे मी निर्धास्त वाचतोय.

निळावंती

धागाकर्ते गप्प का? 'मृत्युंजय'मध्ये कर्ण स्वतः बोलतो. दिव्याखाली बसून, पानंच्या पानं. तुमच्या नियमाने त्याचा खुंटीवरचा कोट व्हायला हवा होता. चार वेळा कसा वाचलात?

अडगळीतला_होम्स

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण सुचलं नाही. घ्या, आनंद करा.

आता सुचलंय ते अर्धवट आहे. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण एकटा बोलत नाही. कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन, कृष्ण, सगळे बोलतात. तो चहूबाजूंनी दिसतो. आणि कर्णाचं दुःख आपल्याला आधीपासून ठाऊक असतं, कवचकुंडलांसकट. मॉरिआर्टीजवळ दुःख नाहीच. त्याच्याजवळ दबदबा आहे, आणि दबदब्याचं आत्मचरित्र लिहिता येत नाही.

म्हणून त्या ढिगातलं एक पुस्तक मला आवडलं हे कबूल करतो, आता दात काढू नका. किम न्यूमनचं 'द हाउंड ऑफ द डर्बरव्हिल्स' (२०११). तिथे गोष्ट सांगतो मोरान. तोच, एकेकाळचा बंगलोर पायोनियर्सचा कर्नल, जखमी नरभक्षक वाघामागे गटारात सरपटत गेलेला. पत्त्यांचा, बायकांचा नादी, तोंडाने घाण. आणि या निडर माणसाला प्रोफेसरची भीती वाटते. प्रोफेसर आत काय विचार करतो ते त्यालाही कळत नाही, आपल्यालाही नाही. रायखेनबाखच्या पायवाटेवरची काळी आकृती तशीच राहते, फक्त आपण वॉटसनऐवजी दुसऱ्या खांबाआडून बघतो. असं कुणी लिहिणार असेल तर लिहा बापडे.

निळावंती

म्हणजे 'ही पुस्तकं कशाला' वरून 'असं लिहिणार असाल तर लिहा' पर्यंत आलात. ६१ प्रतिसाद लागले, पण आलात. मीही थोडी मागे सरकते: मांगातला तो फारच गोंडस आहे. आणि रायखेनबाखला होम्सला निरोपाची चिठ्ठी लिहायला थांबू देणारा मूळ मॉरिआर्टी बाळबोध नाही. तेवढा शब्द परत घेते. कैऱ्यांबद्दल मात्र तुम्ही जे बोललात त्याची माफी अजून आलेली नाही.

सोलापुरी_चादर

लाइट बिल भरलंत का, होम्स?

अडगळीतला_होम्स

तारीख गेली. दंडासकट भरलं.

रांगेतला_तिसरा

काल रात्री संपवलं. चादर यांना माफ केलेलं नाही, आधीच सांगतो. १४० व्या पानावरून पुढे जाववेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रायखेनबाखला जे घडलं म्हणतात त्यावर कुणाचा खरंच विश्वास बसतो का, असा प्रश्न विचारूनच पुस्तक सुरू होतं. पहिल्या वेळी मी ते वाक्य असंच ओलांडून गेलो होतो. या वेळी विचारणारा कोण ते माहीत होतं, तेव्हा एकटाच हसलो. बायको म्हणाली काय झालं, तर तिला सांगून टाकलं. तिनं वाचायला बाजूला काढून ठेवलं होतं म्हणे.