९९.९ टक्के शुद्ध तांबं, तरी ब्रेझिंगनंतर भेगा. का?

भोसरीचा_वर्कशॉपवाला:
इंडक्शन हीटरची कॉइल बनवली, तांब्याच्या पाइपची, आतून थंडाव्याचं पाणी फिरतं. पाइपला दोन्ही टोकांना टर्मिनल प्लेटा, बसबारच्या (वीज वाहून नेणाऱ्या जाड तांब्याच्या) उरलेल्या पट्टीतून कापलेल्या. ऑक्सि-ॲसिटिलीनच्या ज्योतीने ब्रेझ केल्या, म्हणजे भराव धातू वितळवून जोडल्या. पाणी सोडल्यावर जॉइंटच्या कडेनं पाझरतंय, बोल्ट आवळताना एक प्लेट चक्क तडकली. पाइपला काही नाही. पट्टीच्या सर्टिफिकेटवर ९९.९० लिहिलंय. सप्लायरने भेसळ दिली का?

जुना_फिटर:
भेसळ नाही हो. पट्टी ईटीपी असणार, म्हणजे विजेच्या कामाचं नेहमीचं तांबं, ग्रेड सी११०००. तिच्यात ऑक्सिजन असतोच, साधारण ०.०२ ते ०.०४ टक्के, आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. लोखंडासारख्या अशुद्धी ऑक्साइड होऊन बाजूला बसतात, वीज नीट वाहते. बसबारला उत्तम. पण ज्योतीत ऑक्सिजनपेक्षा ॲसिटिलीन गॅस जास्त झाला की तिच्यातला हायड्रोजन तापल्या तांब्यात शिरतो, ऑक्साइडशी भिडतो आणि आतच वाफ तयार होते. वाफेला बाहेर पडायला वाट नाही, मग कणांच्या सीमा फुटतात. ज्योतीला पांढरी लांब जीभ होती का, आठवा; ती गॅस जास्त झाल्याची खूण.

पाइप वाचला कारण तो बहुधा डीएचपी, सी१२२००. एसीच्या पाइपांचा माल. त्यात फॉस्फरसने ऑक्सिजन आधीच खाल्लेला. पण म्हणून प्लेटाही डीएचपीच्या करू नका, वीज वाहण्यात तो ईटीपीच्या बराच मागे, ८५ टक्क्यांच्या आसपास. तुमच्या कामाला ऑक्सिजन-फ्री, सी१०२००.

लेथवर_उभा:
आणि ड्रिलिंग जास्त असेल तर टेल्युरियम कॉपर बघा, म्हणजे थोडं टेल्युरियम मिसळलेलं, कापायला सोपं तांबं. शुद्ध तांबं टूलला चिकटतं, शिव्या खातं. ब्रेझिंगचं मात्र मला विचारू नका.

जुना_फिटर:
तेही आलंच. पट्टी ईटीपीच का, अशी शंका असेल तर घरगुती चाचणी करा: पट्टीचा तुकडा गॅस जास्त ठेवून लालभडक करा, थंड झाल्यावर वाकवा. मोडला तर आत ऑक्सिजन आहे. लॅबमध्ये हेच हायड्रोजनच्या भट्टीत ८५० अंशांवर करतात.

भोसरीचा_वर्कशॉपवाला:
केली. पट्टी पहिल्याच वाकवणीला बिस्किटासारखी मोडली. पाइपचा तुकडा चापट करून दुमडला, तरी ओरखडा नाही. आणि हो, पांढरी जीभ होती, पोरगा म्हणाला मऊ ज्योत बरी असते. सप्लायरला केलेला फोन आता माफी मागून मिटवतो.

ऑक्सिजन-फ्री पट्टी मिळतेय, पण पूर्ण लांबीच घ्यावी लागेल म्हणतात. मला दोन फूटच लागेल. पिंपरी-चिंचवडमध्ये कोणाला उरलेली हवी आहे का?