आमची माहिती आमच्या आधी कशी पोहोचली?

प्रेषक: शुभांगी, फ्रीमाँट
प्रति: मंडळाची ईमेल यादी, कॅलिफोर्निया

नमस्कार,

गणपतीच्या तयारीच्या मेल्समध्ये हा वेगळाच विषय घुसवते आहे, पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

मार्चमध्ये ह्यांनी एका कंपनीकडे आयुर्विम्याचा अर्ज केला. रक्त तपासलं, साखर वाढलेली निघाली, हप्ता दीडपट सांगितला. आम्ही अर्ज मागे घेतला. जुलैत दुसऱ्या कंपनीचा अर्ज सही करून पाठवला. तब्येतीचे प्रश्न नंतर फोनवर विचारतील, असं एजंट म्हणाला होता. आठवड्याने फोन आला आणि पहिलाच प्रश्न साखरेचा. आम्ही तोंड उघडण्याआधीच त्यांना ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात घराच्या विम्याचे दर बघायला मी एका संकेतस्थळावर नाव, फोन, जन्मतारीख भरली. दुसऱ्या दिवसापासून फोन थांबत नाहीत. घराचा विमा, गाडीचा विमा, अंत्यविधीचा विमासुद्धा.

ह्यांच्या साखरेचं आम्ही अजून सासूबाईंनाही सांगितलेलं नाही. ती गोष्ट परक्या ऑफिसात आमच्या आधी जाऊन बसली, याचा फार त्रास होतो आहे. कंपन्यांना हे करायची मुभा आहे का? नानाकाका, तुम्ही इतकी वर्षं विम्यात काढलीत. जरा सांगाल?

शुभांगी

---

प्रेषक: नाना, सनीव्हेल

चि. शुभांगी,

तुझा त्रास समजतो. मी २६ वर्षं आयुर्विम्याचे अर्ज तपासले, टेबलाच्या पलीकडे बसून. अर्जदाराला काय वाटत असेल याचा विचार तेव्हा करायला हवा होता तेवढा केला नाही.

आधी साखरेचं. बोस्टनजवळ ब्रेनट्री गावात एमआयबी नावाची संस्था आहे, पूर्वीचं नाव मेडिकल इन्फर्मेशन ब्यूरो. १९०२ सालापासून आहे आणि ती आयुर्विमा कंपन्यांचीच आहे. अर्ज तपासताना आयुष्यमानावर परिणाम करणारं काही दिसलं, तर सभासद कंपनी तिथे एक छोटा कोड टाकते. तो सात वर्षं राहतो. रक्ताचा अहवाल जात नाही, आणि अर्ज स्वीकारला की नाकारला हेही जात नाही. पुढच्या कंपनीला एवढंच दिसतं की साखरेबद्दल काही नोंद आहे. नुसत्या कोडवर निर्णय घ्यायला संस्थेच्याच नियमांची मनाई आहे, कंपनीने स्वतः खात्री करून घ्यायची असते. म्हणूनच तुम्हाला तो प्रश्न विचारला. उत्तर खरंच द्या, त्यात नुकसान नाही.

आता त्यांना हे बघू कोणी दिलं? तुम्हीच. अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरांत एक संमतिपत्र असतं. डॉक्टर, लॅब, औषधांची दुकानं, एमआयबी या सगळ्यांकडून माहिती घ्यायची परवानगी त्यात दिलेली असते. माझ्याकडे आलेल्या हजारो अर्जांत ते खोडलेलं किंवा त्यावर प्रश्न लिहिलेला मला एकदाही दिसला नाही. कॅलिफोर्नियात आयुर्विम्याच्या अर्जासोबतचं असं संमतिपत्र सहीपासून जास्तीत जास्त ३० महिने चालतं. घर किंवा गाडीच्या विम्यासाठी एक वर्ष.

दोन कायदे ध्यानात ठेव. एक आपल्या राज्याचा, विमा संहितेचं ७९१ क्रमांकाचं कलम आणि त्याची पोटकलमं. दुसरा संघराज्याचा, १९९९ सालचा ग्रॅम-लीच-ब्लायली. दरवर्षी पाकिटातून येणारं आणि न वाचता कचऱ्यात जाणारं खाजगीपणाचं पत्रक या दुसऱ्यामुळे येतं. (पद्धत बदललेली नसेल आणि माहिती फक्त कायद्याने मोकळ्या ठेवलेल्या कारणांसाठीच दिली जात असेल, तर २०१५ नंतर दरवर्षी पाठवायची सक्ती राहिलेली नाही.)

पुष्कळ कंपन्या त्या पत्रकाचा सरकारी नमुना वापरतात. त्यात मधोमध एक तक्ता असतो. डावीकडे कारण, मग "आम्ही माहिती देतो का" आणि शेवटी "तुम्ही थांबवू शकता का". हा शेवटचा रकाना वाचायचा. रोजच्या कामासाठी, म्हणजे क्लेम देणं, फसवणूक पकडणं, पुनर्विमा (विमा कंपनीने स्वतः काढलेला विमा), कोर्टाचा हुकूम, विमा आयुक्तांची तपासणी, यासाठी तुला विचारावं लागत नाही आणि तुला थांबवताही येत नाही. हे मला योग्य वाटतं. एकाच मोडक्या बंपरचे पैसे तीन कंपन्यांकडून घेणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्याचा भार सगळ्यांच्या हप्त्यावर पडतो.

खरी मेख त्याच्या खालच्या ओळींत आहे. बाहेरच्या कंपनीला तिचा माल विकण्यासाठी तुझं नाव-पत्ता द्यायचा असेल तर आधी तुला कळवायचं आणि नको म्हणायची संधी द्यायची, एवढंच संघराज्याचा कायदा मागतो. त्या कायद्याने तू गप्प राहिलीस तर होकार धरला जातो. मौनं संमतिलक्षणम्! नवीन ग्राहक असशील तर पत्रक पाठवल्यापासून ३० दिवसांनी ते सुरू करू शकतात, आणि तू कंपनी सोडलीस तरी जुनी माहिती देणं चालू राहू शकतं. दुसऱ्या वित्तीय कंपनीशी करार करून केलेली संयुक्त विक्री मात्र संघराज्याच्या कायद्याने तुला थांबवता येत नाही. ही पळवाट बुजवायला हवी होती असं माझं ठाम मत आहे.

तब्येतीच्या नोंदींचं तसं नाही. कॅलिफोर्नियाच्या ७९१.१३ प्रमाणे विक्रीसाठी बाहेरच्यांना माहिती देताना वैद्यकीय नोंदी देताच येत नाहीत, आणि माणसाच्या सवयी, राहणी, चारित्र्य याबद्दलचंही काही नाही. तिथे तुझं मौन कोणाच्या कामाचं नाही.

राहिले फोन. ते विमा कंपनीने केलेले नसावेत. दर दाखवणारी बरीचशी संकेतस्थळं विमा कंपन्या नसतातच. नावं गोळा करून एजंटांना विकणं हाच त्यांचा धंदा. बटणाखालच्या ओळीत "आमच्या भागीदारांनी फोन केलेला चालेल" असं लिहिलेलं असतं, आणि ते दाबलं की परवानगी दिलीच. दर हवे असतील तर थेट कंपनीला किंवा ओळखीच्या एजंटला फोन कर.

आज एक काम कर. एमआयबीकडून तुझ्या यजमानांची फाइल मागव. वर्षातून एकदा फुकट मिळते. घर आणि गाडीच्या क्लेम्सचा इतिहास लेक्सिसनेक्सिस या माहिती गोळा करणाऱ्या कंपनीकडे क्लू नावाच्या अहवालात असतो, तोही सात वर्षांपर्यंतचा. तोही मागव.

नाना

---

प्रेषक: माधुरी, सॅन रामोन

नाना, माझा प्रश्न उलटा आहे. आमची मुलगी २१ वर्षांची, सॅन दिएगोला शिकते, आमच्याच आरोग्य विम्यावर आहे. पूर्वी ती डॉक्टरकडे गेली की खर्चाचं विवरण घरी यायचं. आता काहीच येत नाही. ह्यांनी फोन केला तर कंपनी म्हणते, सांगू शकत नाही. हप्ता आम्ही भरतो! आईवडिलांपासून लपवायचं आणि बाकी जगाला सांगायचं, हा कुठला न्याय?

---

प्रेषक: अनघा, ओकलंड

माधुरीताई, मी क्लिनिकमध्ये समाजसेविका आहे म्हणून लिहिते. आयुर्विमा आणि गाडीचा विमा हिपाखाली (तब्येतीच्या माहितीच्या खाजगीपणाचा संघराज्याचा कायदा) येत नाहीत, आरोग्य विमा येतो. उपचार, पैसे भागवणं आणि कंपनीचं स्वतःचं कामकाज एवढ्यासाठी तो न विचारता माहिती वापरू शकतो. त्यापलीकडे लेखी परवानगी लागते, आणि मूल १८ वर्षांचं झालं की ती परवानगी त्याची स्वतःची. शिवाय १ जुलै २०२२ पासून कॅलिफोर्नियात एबी ११८४ हा राज्याचा कायदा लागू आहे. मानसिक आरोग्य, प्रजनन आरोग्य, व्यसनमुक्ती, जोडीदाराकडून होणारी मारहाण अशा संवेदनशील सेवांचे कागद पॉलिसी कोणाच्याही नावावर असली तरी ज्याने उपचार घेतले त्यालाच पाठवायचे. बाकीच्या उपचारांचेही कागद फक्त आपल्याकडेच पाठवा, असं तुमची मुलगी कंपनीला कळवू शकते.

तुम्हाला हे बोचतं आहे ते मी समजू शकते. पण घरी विवरण जाईल या भीतीने समुपदेशनाची वेळ रद्द केलेल्या आपल्याच समाजातल्या मुली माझ्यासमोर बसून रडल्या आहेत. हा कायदा त्यांच्यासाठी झाला आणि तो मला मनापासून हवा होता. तिला काय चाललंय ते विचारा, पण विवरण कुठे गेलं ते विचारू नका.

आणि ज्यांचे आईवडील मेडिकेअरवर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आहेत त्यांच्यासाठी: तुम्ही मुलगा आहात एवढ्यावर फोनवर कोणी माहिती देणार नाही. आईला फोनवर घ्या, तिने होकार दिला की त्या कॉलपुरतं बोलतात. कायमचं हवं असेल तर सीएमएस-१०१०६ हा फॉर्म तिच्या सहीने भरून ठेवा. आई दवाखान्यात असताना ही धावपळ नको.

---

प्रेषक: रोहन, सॅन होजे

गाडीबद्दल थोडं. जनरल मोटर्सच्या गाड्यांनी चालकांच्या ब्रेकचा आणि वेगाचा तपशील लेक्सिसनेक्सिस आणि तशाच व्हेरिस्क या कंपनीला दिला आणि तो विमा कंपन्यांपर्यंत गेला, हे २०२४ मध्ये उघडकीला आलं. जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी संघराज्याची संस्था) जनरल मोटर्सवर पाच वर्षांची बंदी जाहीर केली, असा तपशील ग्राहक अहवाल देणाऱ्या कंपन्यांना द्यायचा नाही म्हणून. त्याच महिन्यात टेक्ससच्या महाधिवक्त्यांनी ऑलस्टेट या विमा कंपनीवर खटला भरला. फोनमधल्या इतर ॲप्समधून लोकांचं गाडी चालवणं टिपलं, असा आरोप आहे. गाडी घेताना स्क्रीनवर "मान्य" दाबायच्या आधी थांबा.

---

प्रेषक: मंडळ सचिव

हा धागा वाचून समितीपुढे एक गोष्ट ठेवायची ठरवली. यंदाच्या गणेशोत्सवाला एका विमा एजन्सीने प्रायोजकत्व देऊ केलं आहे. बदल्यात स्टॉल आणि सभासदांची यादी हवी आहे, फोन आणि वयोगटासह. स्टॉलवर सोडतीची पेटीही असेल. नानांनी सांगितलेले कायदे विमा कंपन्यांसाठी आहेत, आपल्या मंडळाला ते बांधत नाहीत. मंडळाने यादी दिली तर सभासदांनी कोणाकडे दाद मागायची?

माझा प्रस्ताव: स्टॉल द्यावा, यादी देऊ नये. सोडतीच्या चिठ्ठीवर नाव आणि फोन एवढंच, जन्मतारीख नाही, आणि सोडत झाली की चिठ्ठ्या मंडळाने ताब्यात घेऊन फाडाव्यात. त्या अटीवर पैसे मिळाले नाहीत तर मखराचा खर्च कमी करू. हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: शुभांगी, फ्रीमाँट

नानाकाका, एमआयबीची फाइल आली. साखरेची नोंद बरोबर आहे. पण श्वसनाच्या विकाराचीही एक नोंद आहे, आणि ह्यांना साधा दमासुद्धा कधी झालेला नाही! ती कधीची आणि कोणत्या कंपनीने टाकली तेही फाइलमध्ये आहे. चूक म्हणून लेखी कळवलं आहे, ३० दिवसांत तपासून उत्तर द्यावं लागतं असं अनघाने सांगितलं. फाइल मागवली नसती तर दुसऱ्या कंपनीने विचारल्यावर आम्ही नुसते एकमेकांकडे बघत बसलो असतो.

पाच पत्रकं कपाटातून काढली. तीन कंपन्यांना "नको" कळवून झालं, दोन ठिकाणी शेवटच्या रकान्यात "थांबवता येत नाही" एवढंच आहे. सचिवांच्या प्रस्तावाला माझा पाठिंबा, आणि सोडतीच्या पेटीजवळ मी स्वतः बसेन.

सासूबाईंना काल ह्यांनीच फोन करून सांगितलं.